विश्वाच्या बाहेर उभं राहून विश्व बघता येईल का?

दर वेळी आम्ही रेडिओवर येतो ते कर्जाचे हप्ते, सोयाबीनचं बियाणं, नाहीतर लेकींच्या अंगातलं रक्त, असले विषय घेऊन. आज जे बोलणार आहोत त्यानं कुणाचा हप्ता फिटणार नाही. पण प्रश्न एका पोरीनं विचारलेला आहे, आणि उत्तर द्यायचं आमच्याकडं तीन महिने थकलं आहे. गटात आपण थकबाकीदाराला काय काय बोलतो ते तुम्हाला माहीत आहेच.

प्रश्न कुठून आला ते आधी सांगतो, कारण त्यात आमचीच एक चूक आहे.

काही वर्षांमागं पूर्णाकाठच्या एका गावात आम्ही गट बांधायला गेलो. गावाचं नाव सांगत नाही. पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणं मारुतीच्या पारासमोर जागा झाडून घेतली आणि बायांना म्हणलं, आपलं गाव रांगोळीनं काढा. रस्त्याला पांढरी रांगोळी, विहिरीला निळा रंग, शाळेला गुलाल, एकेका घराला तुरीचा एकेक दाणा. ज्या बाईनं जन्मात नकाशा हातात धरला नव्हता तिनंसुद्धा बोळ अन् बोळ बरोबर काढला. कुणाच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, कोणत्या घरात विधवा एकटी राहते, सगळं आलं. आम्ही खूश. फोटो काढले, यादी केली, त्या यादीवरून गट केले.

पुढं वर्षभरानं एक बाई आमच्याकडं आली. म्हणाली, "ताई, ओढ्यापल्याड आमची चार घरं हायती. तुमच्या गावात ती येत न्हाईत का?"

पाराजवळ बसलं की ओढ्याकडं बाभळीचं बन आडवं येतं. नकाशा काढायला ज्या जमल्या होत्या त्या सगळ्या अलीकडच्या. पलीकडून कुणी आलं नव्हतं, आम्ही बोलावलंही नव्हतं. त्या चार घरांना गट मिळाला नाही, फिरता निधी मिळाला नाही, आणि त्या बाईनं नवऱ्याच्या दुखण्यात शेकडा पाच रुपये महिन्यानं पैसे उचलले. ते फेडता फेडता तिचे कानातले गेले. आज ती गटात आहे, हिशोबाला पक्की आहे, पण कानातले काही परत आले नाहीत.

तिची मुलगी आता नववीत आहे. गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली तेव्हा ती शाळा बुडवून ते यंत्र बघत उभी होती. मग एका बैठकीला आईसोबत आली आणि बैठक संपल्यावर आम्हाला म्हणाली, "ताई, वरून बघितलं असतं तर आमची घरं तुम्हाला दिसली असती. बरोबर?" आम्ही म्हणलं, बरोबर. "मग आख्ख्या विश्वाच्या बाहेर जाऊन विश्व बघितलं, तर त्यातलं काय काय सुटलंय ते दिसंल का?"

बैठकीतल्या चार जणी हसल्या. आम्हाला हसू आलं नाही.

आता एकेक पायरी चढू. गाव वरून बघायला ड्रोन पुरतो. जिल्हा बघायचा तर उपग्रह लागतो, आणि आपल्या देशाचे उपग्रह ते काम रोज करतात. पृथ्वी बघायची असेल तर आणखी लांब जावं लागतं. १९६८ च्या डिसेंबरात अपोलो ८ नावाच्या यानातून तिघं जण चंद्राभोवती फिरून आले, आणि चंद्राच्या कडेवरून निळी पृथ्वी उगवताना त्यांनी फोटो काढला. तोपर्यंत पृथ्वी अशी लांबून कुणी माणसानं डोळ्यांनी बघितली नव्हती. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर १ नावाचं यान त्याहून लांब गेलं. १९९० मध्ये त्यानं मागं वळून फोटो काढला, त्यात पृथ्वी म्हणजे एक ठिपका. ते यान अजून चाललंच आहे. त्याचा निरोप प्रकाशाच्या वेगानं निघतो, तरी आपल्यापर्यंत यायला जवळजवळ एक दिवस घेतो.

पण इथं पायऱ्या संपतात. सूर्य ज्या ताऱ्यांच्या गावात राहतो ती आपली आकाशगंगा. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला प्रकाशालाच साधारण एक लाख वर्षं लागतात. व्हॉयेजर तिच्या बाहेर पडायचं नाव काढायला नको. म्हणजे पुस्तकात, मोबाईलवर आकाशगंगेचं जे भिंगरीसारखं चित्र तुम्ही बघता, तो फोटो नाही. ते आत बसून, मोजून मोजून काढलेलं चित्र आहे. आमच्या रांगोळीच्या नकाशासारखंच.

आणि त्यातही बाभळीचं बन आडवं येतं बरं का! आकाशगंगेत धुळीचे ढग आहेत, त्यापलीकडचं साध्या दुर्बिणीला दिसत नाही. मग त्या धुळीतून आरपार येणाऱ्या लहरी पकडाव्या लागतात. रेडिओच्या लहरी तशा आहेत. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद इथं गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभारलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या शेताशिवारात लांबवर उभ्या आहेत, सगळ्या मिळून एका दुर्बिणीसारखं काम करतात. आम्ही ज्या लहरींवर बसून तुमच्याशी बोलतो, त्याच जातीच्या लहरी त्या आकाशातून ऐकतात.

एवढं करूनही मोठाल्या गोष्टी नजरेतून सुटतात. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांसोबत २०१७ साली जाहीर केलं, की रेवती नक्षत्राच्या दिशेला आकाशगंगांचा एक प्रचंड मोठा समूह आहे. त्याला त्यांनी सरस्वती नाव दिलं. हा समूह आपल्यापासून ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब, आणि स्वतः ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर जातो तेवढं. एवढी मोठी वस्ती, आणि २०१७ पर्यंत यादीत नव्हती. आम्ही तर चारच घरं विसरलो होतो. (हे आमचं समर्थन नाही.)

आता मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडं येऊ. विश्वाला हद्द आहे का? शेताला असतो तसा बांध?

आपल्या काळ्या रानात सपाटीला उभं राहिलं की चहूकडं आभाळ टेकल्यासारखं दिसतं. मध्ये झाडं-डोंगर नसले तर बाईच्या डोळ्यांच्या उंचीवरून ती रेघ साधारण साडेचार किलोमीटरवर असते. तिथवर चालत गेलं तर रेघ पुढं सरकते. सेलूला उभ्या असलेल्या बाईचं वर्तुळ वेगळं, सोनपेठला उभ्या असलेल्या बाईचं वेगळं. त्या रेघेला आपण काही जिल्ह्याची हद्द म्हणत नाही. ती आपल्या नजरेची हद्द.

विश्वाचंही तसंच आहे, फक्त कारण वेगळं. प्रकाशाला यायला वेळ लागतो. सूर्याचा प्रकाश आठ मिनिटांत येतो. रोहिणीचा तांबूस तारा थंडीत संध्याकाळी पूर्वेला दिसतो, त्याचा प्रकाश साधारण ६५ वर्षांनी येतो. म्हणजे आज जो डोळ्यांत शिरला तो महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास निघालेला. (पेरणीच्या वेळी रोहिणी म्हणतो तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा रोहिणी रात्रीची दिसत नाही. तारा बघायचा तर थंडीतच.) विश्वाचं वय शास्त्रज्ञ साधारण १,३८० कोटी वर्षं धरतात. त्याहून जास्त वेळ चालावं लागेल असा प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही. तिथं आपली नजर संपते. विश्व संपतं असं नाही.

मग कुणी म्हणेल, ती रेघ १,३८० कोटी प्रकाशवर्षांवर असेल. नाही. ती आहे साधारण ४,६०० कोटी प्रकाशवर्षांवर. हे कसं, ते समजायला शिवणकामाच्या डब्यातलं इलॅस्टिक काढा. त्यावर पेनानं बोटा-बोटाच्या अंतरावर खुणा करा आणि दोन्ही हातांनी ताणा. प्रत्येक खूण दुसरीपासून लांब जाते, आणि जी आधीच लांब ती जास्त वेगानं लांब जाते. एखादी मुंगी या खुणेपासून त्या खुणेकडं चालत निघाली आणि चालताना इलॅस्टिक ताणत राहिलं, तर ती पोचेपर्यंत मागची खूण तिनं तुडवलेल्या वाटेच्या मानानं कितीतरी लांब गेलेली असते. आकाशगंगा एकमेकींपासून अशाच लांब जात आहेत हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये मोजमापासहित मांडलं. मधली जागाच ताणली जाते.

इथं बैठकीत हमखास एक प्रश्न येतो. ताणलं जातंय तर कशात ताणलं जातंय? बाहेर जागा असल्याशिवाय पसरणार कुठं? आमच्या गटातल्या एका मावशींनी तर सरळ विचारलं, "भाकरी थापायला परात लागतीच की!"

मावशींचं बरोबर आहे, पण भाकरीपुरतं. भाकरी जागेत पसरते. विश्व जागेत पसरत नाही, जागा हीच त्याच्यातली एक वस्तू आहे. इलॅस्टिकची टोकं शिवून परकराच्या कमरेसारखं गोल करा. आता मुंगीला कुठंच टोक सापडत नाही, तरी इलॅस्टिक ताणता येतं. दाखला इथंच लंगडा पडतो, कारण आपण ते इलॅस्टिक बाहेरून हातात धरलेलं आहे. पण गणित सांगतं की ताण मोजायला बाहेरच्या हाताची गरज नाही. खुणा लांब गेल्या एवढं मुंगीला आतून कळलं की पुरे.

आणि बाहेर बघणारा असेल असं घटकाभर धरलं, तरी तो बघणार कसा? बघायचं म्हणजे इथला प्रकाश तिथं गेला पाहिजे. इथून तिथं प्रकाश जातो म्हणजे वाट आहे. वाट आहे म्हणजे ती जागा आपल्या जागेला जोडलेली आहे. जोडलेली जागा मग बाहेरची कसली? गावाला रस्त्यानं जोडलेली वस्ती गावाचीच धरायची, हे आता आम्हाला चांगलं कळलं आहे. विश्व म्हणजे जे जे आहे ते सगळं, असं म्हणलं की बाहेरचा म्हणून उभा केलेला माणूसही त्यातच मोजावा लागतो. आपल्यासारखी दुसरी विश्वंही असतील असा तर्क काही शास्त्रज्ञ करतात. त्याला अजून पुरावा मिळालेला नाही. आणि तिथून आपलं विश्व दिसत असेल, तर वरच्या हिशोबानं ती दोन विश्वं उरतच नाहीत.

आणखी एक अडचण आहे. समजा खूप लांबून, एका नजरेत मोठा भाग बघितला. जवळचा प्रकाश आधी पोचणार, लांबचा नंतर. म्हणजे त्या एका फोटोत अलीकडची बाजू आजची आणि पलीकडची कोट्यवधी वर्षांपूर्वीची. एका पानावर चैत्राची बचत आणि दहा वर्षांमागची थकबाकी एकत्र लिहिल्यासारखं. 'आत्ता या घडीला संपूर्ण विश्व' असा फोटो कुठूनच निघत नाही.

हे सगळं वाचताना आम्हाला औंढ्याची गोष्ट आठवत राहिली. तुम्हाला ती कीर्तनात ऐकून पाठ असेल. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर एकेक थाप मारली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. मग नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, मग जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडं नेले तिकडं पिंडी. कथा भक्तीची आहे, तिचा अर्थ महाराज लोक सांगतीलच. आम्हाला त्यातली पाय ठेवायची अडचण आवडते. देवाच्या जागी विश्व धरा: जिथं विश्व नाही तिथं दुर्बीण ठेव म्हणलं, तर ठेवणार कुठं?

म्हणजे मुलीला उत्तर 'नाही' असंच द्यावं लागलं. पण तिचा खरा प्रश्न तो नव्हता. सुटलेलं कसं कळणार, हा होता. यावर आम्ही बरंच वाचलं, आणि जे सापडलं ते सांगायला हा सगळा खटाटोप.

पहिली गोष्ट, आकार आतून कळतो. आपल्याच महाराष्ट्राशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांचा ग्रंथ ११५० सालचा. ज्यात लीलावती आहे तोच. त्यात गोलाध्याय म्हणून भाग आहे. तिथं त्यांनी लिहिलं, की गोलाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सपाटच दिसतो. पृथ्वी मोठी, माणूस लहान, म्हणून त्याला ती सपाट भासते. पृथ्वी कशावर टेकली आहे या प्रश्नालाही त्यांचं उत्तर मावशींच्या परातीसारखंच होतं, फक्त उलटं. टेकू मानला तर त्या टेकूला दुसरा टेकू लागणार, त्याला तिसरा. शेवटी एकाला बिनटेकूचं मानायचंच, तर पृथ्वीलाच का मानू नये? अपोलो ८ च्या आठशे वर्षं आधी, पृथ्वीवरच बसून.

हे तुम्ही घरी करून बघा. टरबूज घ्या. देठापासून पेनानं एक रेघ खाली मध्यापर्यंत काढा. परत देठापासून, पहिल्या रेघेशी काटकोन करून, दुसरी रेघ मध्यापर्यंत काढा. मग मध्यावरून दोन्ही टोकं जोडा. झाला त्रिकोण. पोरांच्या कंपासपेटीतला गुण्या लावून बघा, टरबूज चांगलं गोल असेल तर तिन्ही कोपऱ्यांत काटकोन भरतो. जमिनीवर काढलेल्या त्रिकोणात तिन्ही कोन मिळून दोनच काटकोन होतात. म्हणजे टरबुजावरची मुंगी टरबूज न सोडता, फक्त कोन मोजून सांगू शकते की मी गोल वस्तूवर आहे.

विश्वासाठी एवढा मोठा त्रिकोण कुठून आणायचा? तो आकाशातच काढलेला मिळाला. विश्व लहान आणि तापलेलं होतं तेव्हा त्यात आवाजासारख्या लाटा फिरत होत्या. ३ लाख ८० हजार वर्षांनी ते निवलं, प्रकाश मोकळा सुटला आणि त्या लाटांचे ठसे त्या प्रकाशात तसेच राहिले. तो प्रकाश आता थंड होऊन रेडिओसारख्या लहरी झाला आहे आणि सगळीकडून येतो. १९६४ मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन या दोघांना त्यांच्या अँटेनात न जाणारी खरखर म्हणून तो सापडला. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर चॅनेल लागलं नाही की मुंग्या यायच्या, आठवतं? त्यातला थोडासा अंश तोच. आम्ही लहानपणी टीव्हीला थापट्या मारून विश्वाचा जन्म घालवत होतो.

तेवढ्या काळात लाट किती लांब जाऊ शकते हे गणितानं कळतं. ती एक बाजू झाली. ठसा किती लांबवर आहे तेही कळतं. राहिला कोन, तो आकाशात मोजला. साधारण एक अंश, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवावेत एवढा. युरोपच्या प्लँक उपग्रहानं २००९ पासून पुढची चार वर्षं हे बारकाईनं मोजलं. त्रिकोण सपाट निघाला, मोजमापातली बारीकशी चूक धरून. आता विश्व खरंच सपाट आणि न संपणारं आहे, की भास्कराचार्यांच्या शंभराव्या भागासारखा आपण लहानसाच तुकडा बघतो आहोत, हे यावरून ठरत नाही. गोरोबाकाका मडकं बाहेरून वाजवून बघायचे. आपण मडक्याच्या आत बसून त्याचा नाद ऐकतो आहोत.

दुसरी गोष्ट सुटलेल्याची, आणि ही आमच्या जास्त जवळची. व्हेरा रुबिन नावाच्या बाई अमेरिकेत खगोलशास्त्र करत होत्या. प्रिन्स्टन विद्यापीठात त्या विषयाच्या वरच्या शिक्षणाला तेव्हा बायकांना घेतच नव्हते. पालोमार डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर रीतसर परवानगी मिळून काम करणाऱ्या त्या पहिल्या बाई, आणि ती परवानगी मिळाली १९६५ मध्ये. त्यांनी केंट फोर्ड या सहकाऱ्यासोबत देवयानी आकाशगंगेतले तारे किती वेगानं फिरतात ते मोजलं. कडेचे तारे हळू फिरायला हवे होते. ते मधल्यांइतक्याच वेगानं फिरत होते. दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन मांडलं तर एवढ्या वेगाचे तारे बाहेर फेकले जायला हवेत. कुणीतरी त्यांना धरून ठेवलं आहे, आणि ते दिसत नाही.

आपल्याकडं रोखवहीची बेरीज आणि पेटीतले पैसे जुळले नाहीत तर आपण काय म्हणतो? एखादी नोंद राहिली. पेटी बाहेरून बघून ते कळत नाही, बेरीज करून कळतं. रुबिनबाईंनी एकामागून एक आकाशगंगा तपासल्या, सगळीकडं तोच फरक. आज शास्त्रज्ञ मानतात की विश्वातल्या पदार्थाचे सहा हिस्से केले तर जवळपास पाच हिस्से असे न दिसणारे आहेत. ते कशाचे आहेत हे अजून कुणाला सापडलेलं नाही.

आमच्या गावातही तसंच होतं, आम्ही बघितलं नाही एवढंच. रेशनकार्डांचा आकडा आमच्या तुरीच्या दाण्यांपेक्षा चारनं जास्त होता. कागद पिशवीत होता. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, आईकडं बघितलं फक्त.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारची आहे. औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत ते परभणीतच होतं. परवाच्या लग्नात आपल्या वऱ्हाडातल्या कितीतरी जणी तिथल्याच निघाल्या. त्या औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडिया नावाची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दुर्बीण म्हणून तिथं घुमट दिसणार नाही. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या असतील. लांब कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की जागेलाच हिसका बसतो आणि त्याच्या लहरी सगळीकडं पसरतात. लहर आली की एक नळी किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते, मग उलट होतं. किंचित म्हणजे अणूच्या पोटात जो प्रोटॉन असतो त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी. दोन नळ्यांत लेझर सोडून त्यांची आपसात तुलना करतात. बाहेरची पट्टी लागत नाही.

अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली. ती सुमारे १३० कोटी वर्षं चालत आली होती. इटलीत आणि जपानातही अशा वेधशाळा आहेत. मग औंढा कशाला? रात्री बिबट्या ओरडला तर एका घरातून दिशा कळत नाही. चार वस्त्यांवरून विचारलं, कुणाला आधी ऐकू आलं, कुणाला नंतर, की जागा सापडते. वस्त्या जितक्या लांब-लांब तितकं बरं.

हे सगळं सांगताना एक नाव घ्यायलाच हवं. जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा, २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. विश्वाला सुरुवात होती हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. फ्रेड हॉयल यांच्यासोबत त्यांनी वेगळं गणित मांडलं. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, तरी त्यांनी ते सोडलं नाही. म्हणजे आम्ही वर १,३८० कोटी वर्षं म्हणलं ते त्यांच्यासमोर म्हणलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. मुलं सही मागायला आली की ते सही न देता म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन. आणि द्यायचे. त्यांच्या पत्नी मंगलाताई स्वतः गणिती, मुलांना गणित सोपं करून सांगायला त्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली. दोघंही आता नाहीत, म्हणून हे पोस्टकार्ड आमच्या गळ्यात पडलं.

यंदा त्या गावात नकाशा परत काढायचा होता. या वेळी मुलगीच रांगोळी घेऊन बसली, आणि तिनं पहिली रेघ ओढ्यापल्याडहून सुरू केली. मारुतीचं देऊळ सगळ्यांत शेवटी आलं. तोवर जागा संपली होती, म्हणून अर्धंच निघालं. त्यावरून पारावरच्या दोघा-तिघांनी कुरकुर केली. मुलगी म्हणाली, सरका थोडे, काढते.